मुक्काम पोस्ट पाण्याखाली

कामं आवरून रेडिओजवळ बसलात, बरं वाटलं. कुणाच्या हातात भाजी निवडायची असेल तर ती निवडता निवडता ऐका.

आज बोलायचंय बुडालेल्या गावांबद्दल आणि त्या गावांच्या पोस्टाबद्दल. धरणात घरं गेली, शेतं गेली, देवळं गेली, हे सगळे सांगतात. पोस्ट गेलं हे सहसा कुणी सांगत नाही. खेड्यातलं पोस्ट ही काही मोठी इमारत नव्हती. शाळामास्तरांच्या नाहीतर दुकानदाराच्या घरात एक कोपरा, तिथं टपालाची पिशवी, वजनाचा काटा आणि एक शिक्का. पण त्या शिक्क्यावर गावाचं नाव होतं, ही गोष्ट लहान नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचंच घ्या. १९६० नंतर लगेचच्या वर्षांत कोयना धरणाचं पाणी खोऱ्यात चढलं. आज तापोळा-बामणोलीला लोक होडीत बसून शिवसागर बघतात. त्या पाण्याखाली पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांतली गावं आहेत. माणसं उठली. कुणी तिथंच डोंगरावर सरकलं, कुणी सांगली-सोलापूरकडं गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडं. पुनर्वसनाचा कायदा आपल्या राज्यात झाला १९७६ साली, म्हणजे ही माणसं उठल्यावर दहा-पंधरा वर्षांनी. म्हणून अनेकांच्या घरी आपण मूळचे कुठले हे सांगणारे कागद थोडे.

आता त्या कागदांत बाई कुठं आहे ते बघा. सातबारा पुरुषाच्या नावावर. नुकसानभरपाईची नोटीस खातेदाराच्या नावावर, आणि खातेदार बहुतेक करून सासरा, दीर किंवा नवरा. त्या खोऱ्यात राबली बाई, पण सरकारदप्तरात तिचं नाव शोधायला गेलं तर सापडत नाही.

पण एक कागद वेगळा होता, मनीऑर्डरचा. त्या डोंगराळ भागातले पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत कामाला. आपल्याकडं मनीऑर्डर १८८० सालापासून सुरू झाली, आणि अशा घरांची चूल तिच्यावर पेटायची. फॉर्मच्या खाली एक चिठ्ठी असायची, दोन ओळी लिहिण्यापुरती. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि ती चिठ्ठी फाडून हातात ठेवायचा. बाईनं पैसे घेतल्याची पोच तिच्या अंगठ्यासकट मुंबईला परत जायची. पुष्कळ मनीऑर्डरी घरच्या बाईच्याच नावानं यायच्या. म्हणजे गावाचं नाव आणि बाईचं नाव एका कागदावर. असा कागद तुमच्या आजेसासूच्या ट्रंकेत असेल, तर तो रद्दी नव्हे.

तो वाचायचा कसा? पाच खुणा सांगते, लक्षात ठेवा.

पहिली खूण पत्त्याची. ‘मु.पो.’ म्हणजे मुक्काम आणि पोस्ट एकाच गावात, त्या गावाला स्वतःचं पोस्ट होतं. ‘मु. अमुक, पो. तमुक’ असं वेगळं लिहिलं असेल, तर टपाल शेजारच्या गावाहून यायचं. दोन अक्षरांत केवढी माहिती आहे बघा.

दुसरी खूण जिल्ह्याची. ‘जि. उत्तर सातारा’ असं लिहिलं असेल तर ते पत्र बहुधा १९४९ ते १९६० मधलं. तेव्हा सातारचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे होते. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळालं. तसंच रायगडच्या जागी ‘कुलाबा’ दिसलं, तर ते पत्र १९८१ च्या आधीचं समजा.

तिसरी खूण तिकिटाची. किंमत आण्यात छापली असेल तर तिकीट १९५७ च्या आधीचं. ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरचं.

चौथी खूण पिनकोडची. हा सहा आकडी क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाची. कोयनेच्या पाण्यातली गावं त्याआधीच बुडाली होती, म्हणजे त्यांच्या वाट्याला पिनकोड आलाच नाही. आज मोबाईलवर पिनकोड टाकून ती शोधायला गेलात तर सापडणार कशी?

पाचवी खूण शिक्क्याची. गोल शिक्का, कडेनं कचेरीचं नाव, मधे तारीख. जुन्या शिक्क्यावरचं नाव बहुतेक इंग्रजीत असतं. शाळेत जाणाऱ्या नातीला वाचायला सांगा. पत्रावर दोन शिक्के असतील तर एक जिथून निघालं तिथला, दुसरा जिथं पोचलं तिथला. शिक्का पुसट असेल तर तिरप्या उजेडात धरा.

गावाचं नाव हाती लागलं की पुढं जा. जनगणनेची जिल्हावार पुस्तकं निघतात, त्यांत गावांच्या याद्या आहेत. १८८५ सालचं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर आहे. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांवर गावाशेजारी इंग्रजीत ‘पी ओ’ ही अक्षरं दिसली, तर तिथं पोस्ट होतं असं समजा. तालुक्याच्या वाचनालयात विचारा, कॉलेजातल्या पोरींना कामाला लावा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. पोस्टाचा शिक्का हा जमिनीचा पुरावा नाही. प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढायचा तर भूसंपादनाचे, जमिनीचे कागदच लागतात. पण ते शोधायला गेल्यावर आधी विचारतात, ‘गाव कुठलं, तालुका कुठला?’ नव्या वसाहतीत जन्मलेल्या सुनेला, नातवाला ते सांगता येत नाही. तिथं हे जुनं कार्ड दिशा दाखवतं.

आता बचत गटाच्या बैठकीत काय करायचं? ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते आणावेत. दोन्ही बाजूंचे मोबाईलवर फोटो काढा. तिकीट कापू नका, लॅमिनेशन करू नका, कागदावर पेनानं काही लिहू नका. मूळ कागद कुणालाही देऊ नका, अगदी संशोधनासाठी मागितला तरी फोटो द्या. आणि पत्रातला मजकूर घरच्या बाईला विचारल्याशिवाय मोठ्यानं वाचायचा नाही. नवरा-बायकोचं बोलणं असतं त्यात, रुसवे असतात, कर्ज असतं, गेलेलं मूल असतं.

कागद नसतील तर म्हाताऱ्या बायकांना विचारा. पोस्ट कुणाच्या घरात होतं? टपाल कुठून चालत यायचं, पावसाळ्यात नदी कशी ओलांडायचं? पत्र वाचून कोण दाखवायचं? सांगायचं एक आणि लिहिणाऱ्यानं लिहिलं भलतंच, असं कधी झालं का? मनीऑर्डर आली नाही तर तो महिना कसा काढला? उत्तर आलं की तिचं नाव, माहेर, सासर आणि तारीख वहीत लिहा. तिचं पूर्ण नाव लिहा, ‘अमक्याची आई’ एवढंच नको.

हे कोयनेपुरतं नाही. भीमेवर उजनी धरण झालं तेव्हा इंदापूरकडची, करमाळ्याकडची गावं अशीच उठली. पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला गर्दी करतात. देऊळ दगडाचं, म्हणून ते टिकलं. मातीच्या भिंतीतलं पोस्ट काही वर येणार नाही. ते आता फक्त कागदावर आहे आणि ऐंशी-नव्वदीच्या बायकांच्या बोलण्यात आहे. कागदाला वाळवी लागते, आणि त्या बायका तरी अजून किती वर्षं आपल्यात असणार? म्हणून येत्या बैठकीतच हे काम धरा. हप्ते गोळा झाले की अर्धा तास पुरेल. नमस्कार.