उड्डाणापूर्वींची उजळणी



परगांवीं निघालेल्या माणसाला घरांतलें वडील माणूस उंबऱ्याशीं थांबवून विचारतें, "तिकीट घेतलेंस ना? किल्ली कोणाजवळ आहे?" निघणाऱ्याला हा प्रश्न बहुधा जाचक वाटतो. विमानविद्येनें मात्र या उंबऱ्यावरच्या प्रश्नाला नियमाचें रूप दिलें आहे.

विमान जागेवरून हलण्यापूर्वीं दोघे वैमानिक आपसांत एक ठरावीक उजळणी करतात. तिला 'ब्रीफिंग' म्हणतात. कोणत्या धावपट्टीवरून उडावयाचें, तेथवर कोणत्या वाटेनें जावयाचें, कोणत्या वेगापर्यंत विमान थांबवितां येईल, एक इंजिन बंद पडल्यास कोणीं काय करावयाचें, हें सारें त्या वेळीं मोठ्यानें बोललें जातें. हेतु केवळ माहिती सांगण्याचा नसतो. दोघांच्या मनांत एकच चित्र उभें राहावें, आणि एकाचें चुकल्यास दुसऱ्यास तें तत्काळ कळावें, हा त्यांतील खरा हेतु.

या शिस्तीचा धडा फार महाग पडला आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत डेटनजवळ बोइंग कंपनीचें चार इंजिनांचें नवें विमान उडालें आणि लगेच कोसळलें. इंजिनांत दोष नव्हता. विमान उभें असतां शेपटीचे हलते भाग वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून लावलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. चालविणारे मेजर हिल अनुभवी वैमानिक होते. तरीहि त्यांचा व सहकारी टॉवर यांचा अंत झाला. त्यानंतर स्मरणशक्तीवर न विसंबतां लेखी यादीप्रमाणें तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली.

परंतु यादी हातीं असूनहि मन अन्यत्र असेल तर काय होतें, हें २७ ऑगस्ट २००६ रोजीं केंटकी राज्यांतील लेक्सिंग्टन येथें दिसलें. पहांटेचा अंधार होता. कॉमएअर कंपनीच्या विमानाला सुमारें ७,००० फूट लांबीच्या २२ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उडावयाचें होतें. वाटेंत २६ क्रमांकाची अवघी ३,५०० फुटांची धावपट्टी ओलांडावी लागे. विमान तिच्यावरच वळलें. तिच्यावर दिवे नव्हते. सहवैमानिकानें तसा उद्गारहि काढला, पण विमान थांबलें नाहीं. धावपट्टीचा क्रमांक हा होकायंत्राच्या अंशांवरून दिलेला असतो. म्हणजे समोरचें होकायंत्र सुमारें ४० अंशांचा फरक दाखवीत होतें. विमानांतील ५० जणांपैकीं एकटा सहवैमानिक वांचला.

चौकशी मंडळानें नोंदविलें कीं, वाटेची उजळणी थोडक्यांत आटोपली गेली, आणि कामाशीं संबंध नसलेल्या गप्पा चालू राहिल्या. या दोहोंमुळें चूक घडण्यास अनुकूल असें वातावरण बहुधा निर्माण झालें. धावपट्टीवर शिरण्यापूर्वीं आपण नेमके कोठें आहोंत याची दोघांनींहि खात्री करून घ्यावी, अशी शिफारसहि मंडळानें केली.

पाढे पाठ असलेला मुलगा हिशेबांत चुकतो, तो पाढा न आल्यामुळें नव्हे, तर उदाहरण न वाचल्यामुळें. रोज तेच शब्द म्हणणाऱ्या वैमानिकाचीहि गत तशीच होऊं शकते. म्हणून उत्तम उजळणी लांबलचक असावी लागत नाहीं. 'आज नेहमींपेक्षां वेगळें काय आहे?' या प्रश्नापासून तिनें आरंभ करावा. दुरुस्तीमुळें बदललेली वाट, विझलेले दिवे, ओली धावपट्टी, थकलेला सहकारी, यांचा उच्चार जमिनीवर असतांनाच व्हावा. आकाशांत गेल्यावर विचारास अवधि थोडा असतो. जमिनीवर तो मागून घेतां येतो. पाठीमागें बसलेल्या प्रवाशांचे प्राण त्या मागून घेतलेल्या दोन-चार मिनिटांवर अवलंबून असतात.