शर्यतीतील दडपण आणि निर्णय



साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांना सरावलेल्या या व्यासपीठावर पळण्याचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. जो जोरात पळेल तो जिंकेल, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? शंभर मीटरच्या शर्यतीपुरते हे म्हणणे बव्हंशी खरे आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत मात्र पायांइतकेच काम डोक्याला पडते. त्याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातील मांडवा गावी, एका शेतकरी कुटुंबात १९९४ साली अविनाश साबळे यांचा जन्म झाला. पुढे ते सैन्यात गेले, सियाचीनच्या बर्फात राहिले आणि नंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळले. २०१८ साली भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

ही शर्यत कशी असते, ते थोडक्यात सांगतो. सुमारे साडेसात फेऱ्या, २८ साधे अडथळे आणि ७ पाण्याचे. अडथळा ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट उंच. तो भक्कम लाकडाचा असतो. पाय लागला तर अडथळा पडत नाही, माणूस पडतो.

आता २०२२ सालची दोन दृश्ये डोळ्यांसमोर आणा. जुलै महिन्यात अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत झाली. साबळे अकरावे आले. वेळ ८ मिनिटे ३१.७५ सेकंद. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच ६ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच गृहस्थांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक घेतले. वीस सेकंदांहून अधिक फरक! तीन आठवड्यांत कोणाचे पाय इतके बदलत नाहीत. मग बदलले काय?

बदलली ती शर्यत. यूजीनला पुढे जाण्याची जबाबदारी घ्यायला कोणीच तयार नव्हते. विजेता सुफियान अल् बक्काली याची वेळसुद्धा ८ मिनिटे २५.१३ सेकंद होती. जागतिक स्पर्धेच्या इतिहासात इतक्या संथ वेळेत ही शर्यत तोवर कोणी जिंकलेली नव्हती. शर्यत संथ चालली, की सर्वांचीच ताकद शिलकीत राहते आणि निकाल शेवटच्या फेरीतील झपाट्यावर लागतो. ज्याचे बळ दमसासात आहे, त्याची पुंजी तशीच गाठीला राहते.

आपण म्हणाल, मग त्याने पुढे का निघू नये? इथेच खरी अडचण आहे. पुढे निघणाऱ्याला वारा अंगावर घ्यावा लागतो. मागचे त्याच्या आडोशाने धावतात आणि अखेरीस ताज्या पायांनी त्याला गाठतात. बरे, मागे राहावे तर घोळक्यात कोंडी होते. समोरचा उडी मारीपर्यंत अडथळा नीट दिसत नाही. कोंडी टाळण्यासाठी बाहेरून धावावे, तर वळणावर एका पट्ट्याची रुंदी बाहेर राहिल्यास दर फेरीला सुमारे साडेसात मीटर जास्त पडतात. म्हणजे कोणतीही वाट फुकट नाही. कोणती किंमत मोजायची ते छाती धपापत असताना, दोन पावलांच्या अवधीत ठरवायचे असते. दडपण म्हणतात ते हे. प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याशी त्याचा संबंध थोडा.

बर्मिंगहॅमला केनियाच्या धावपटूंनी वेग चढा ठेवला. १९९८ पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके त्यांच्याच देशाने नेली होती. त्यांच्या नावलौकिकानेच कित्येकांचे पाय गळत. साबळे यांनी तो वेग आपला मानला आणि त्यांची पाठ सोडली नाही. अखेरच्या टप्प्यात एकटा अब्राहम किबिवोट पुढे उरला. त्याची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद! सेकंदाचा विसावा भाग, म्हणजे जमिनीवर मोजला तर जेमतेम दीड वीत. सुवर्णपदक हुकले, पण केनियाची ती सलग मक्तेदारी मोडली.

एवढ्यावर गोष्ट संपती, तर ती गोड झाली असती. पण ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत साबळे प्राथमिक फेरीतच बाद झाले. प्रत्येक गटातून पहिले पाचच अंतिम फेरीत जाणार होते. ते सातवे आले. तिथे घड्याळाला विचारत नव्हते, क्रमांकाला विचारत होते.

दीड महिन्याच्या आत, १ ऑक्टोबरला, हांगचौ येथे आशियाई स्पर्धेची अंतिम शर्यत होती. ताज्या अपयशानंतर माणूस सहसा सावध होतो, घोळक्यात लपतो. साबळे यांनी उलट केले. ते आरंभापासून पुढे निघाले आणि कोणाची वाट पाहिली नाही. ८ मिनिटे १९.५० सेकंद ही स्पर्धेतील विक्रमी वेळ ठरली. दुसरा धावपटू चार सेकंदांहून अधिक मागे होता. या शर्यतीत आशियाई सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय पुरुष.

यावरून ‘नेहमी पुढे पळावे’ असा नियम कोणी काढू नये. हांगचौला ते जमले, कारण त्यांचा दम इतरांहून सरस होता आणि ते त्यांना ठाऊक होते. जिथे बरोबरीचे दहाजण असतात, तिथे तोच डाव अंगाशी येईल. बर्मिंगहॅमला मागे राहणे शहाणपणाचे, हांगचौला पुढे जाणे शहाणपणाचे. आपले बळ कशात आहे आणि समोर कोण आहे, या दोन्ही गोष्टी ओळखून वेळेवर ठरवणे, हेच लांब पल्ल्याचे शास्त्र. यूजीनला हुकला तो हा निर्णय. तिथे इतरांनी ठरवलेली शर्यत त्यांना धावावी लागली.

आपल्या शहरातही पहाटे मैदानावर फेऱ्या मारणारी मुले आहेत. त्यांच्या पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलगा घरी आल्यावर ‘कितवा आलास?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. पण त्याआधी ‘आज केव्हा पुढे निघालास, आणि का?’ हेही विचारावे. उत्तर देता देता तो शर्यत शिकेल.