काळ्या पट्टीवरील पांढरे डाग

मोटारीस पॉलिश करतांना हात कांचेभोंवतालच्या रबरी पट्टीवर जातो. पॉलिश वाळतें, पांढरे डाग उमटतात, आणि ते घालविण्यासाठीं घासलेटाचा बोळा पुढें येतो. घात होतो तो येथें. आजच्या पट्ट्या बहुधा ईपीडीएम नांवाच्या कृत्रिम रबराच्या असतात. ऊन त्या पुष्कळ सोसतात. खनिज तेल मात्र सोसत नाहींत. घासलेट आंत मुरतें, पट्टी फुगते व तिची पकड ढिली पडते. मग पावसाचें पाणी आंत झिरपून पत्रा गंजूं लागतो. डाग गेला, पण मोटार नासली!

म्हणून प्रथम ओलें फडकें फिरवून पाहावें. फडक्यास काळी पूड लागली, तर रबरच जीर्ण झालें आहे. तसें नसेल, तर कोमट साबणाचें पाणी व मऊ ब्रश यांनीं डाग हळूहळू सुटतो. पट्टी पूर्ण वाळल्यावर ग्लिसरिनचे दोनचार थेंब फडक्यावर घेऊन पातळ हात द्यावा. भेगा पडलेली पट्टी मात्र पावसाळ्यापूर्वीं बदलावी. गेलेला काळेपणा परत आणतां येतो; गेलेला लवचिकपणा नाहीं.