मशीनवरची गोधडी आणि हाताचा सराव
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही नोकरीने बँकेतील कारकून आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. शिवणकामाची कोणतीही परीक्षा आम्ही दिलेली नाही. परंतु गेली काही वर्षे रविवारी दुपारी आम्ही चार-पाच जणी एकत्र बसून मशीनवर गोधड्या शिवतो. त्यात हाताला जे कळले, तेवढेच आपणांसमोर ठेवणार आहोत.

कोणी गोधडी म्हणते, कोणी वाकळ. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर घालून धावदोऱ्याने ती हाती शिवायची तर आठवडेच्या आठवडे जातात. मशीनवर काम लवकर उरकते, म्हणून पुष्कळ भगिनी आता गोधड्या शिवून देण्याचे काम घेऊ लागल्या आहेत. चार पैसे हाती येतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु गिऱ्हाईक जे कापड आणून देते ते पुष्कळदा गेलेल्या आईचे लुगडे असते. ते बिघडले तर कोणत्या दुकानातून भरून देणार? जुने सूत विरलेले असते. चुकलेली शिवण उसवली तरी सुईची भोके राहतात, कधी कापडच फाटते. म्हणून शिकायचे ते आपल्या घरच्या चिंध्यांवर.

मशीनमध्ये फूट वरचे कापड दाबून धरतो आणि खालचे दाते खालच्या थराला मागे ओढतात. ब्लाउजच्या दोन थरांना त्याने फारसे बिघडत नाही. गोधडीला मात्र चार-पाच थर असतात. खालचा थर पुढे निघून जातो, वरचा मागे रेंगाळतो आणि शेवटी कडेला चुण्या जमतात. यासाठी सर्व थर जमिनीवर नीट पसरावेत, वितीवितीवर कच्चे टाके घालावेत आणि शिवण मध्यापासून कडेकडे न्यावी. कच्च्या टाक्यांचा कंटाळा करणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. वाचवलेला तो वेळ पुढे उसवण्यात जातो, आणि वर डोके दुखते ते वेगळेच!

जाड थरांना १६ नंबरची सुई लावावी, फारच जाड असतील तर १८ ची. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसू लागला, तर वरचा दोरा जास्त ताणलेला आहे असे समजावे. उलट बाजूला दोऱ्याची वेटोळी पडत असतील तर वरचा दोरा सैल आहे, किंवा नीट ओवलेला नाही.

आता सरावाविषयी. पहिले काही दिवस मशीनला दोराच लावू नये. मुलांच्या जुन्या वहीचे रेघांचे पान घ्यावे आणि रेघेवरून सुई चालवावी. पायाला सुरू करणे आणि थांबणे याने कळते. मग दोन कापडांत जुन्या ब्लँकेटचा तुकडा घालून वीतभर पट्ट्या शिवाव्यात आणि पट्टी लावून टाके मोजावेत. इंचाला आठ ते दहा टाके आले की ठीक.

वेलबुट्टी काढायची असेल तर दाते खाली घेऊन रफूचा फूट लावतात. येथे खरी परीक्षा असते, कारण कापड आता केवळ हातानेच सरकते. पाय जलद आणि हात मंद असला तर बारीक टाक्यांची गर्दी होते. हात पळाला तर टाके लांबलचक पडतात. ही जोडी जमवून देणारी खिटी घरच्या साध्या मशीनला नसते. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शंभर नोटांची गड्डी आम्ही बोटांनी मोजत असू. किती वेगाने मोजावे हे कोणी सांगितले नव्हते. काही महिन्यांनी बोटे आपोआप एका चालीने चालू लागली. येथेही तसेच होते. मशीनचा आवाज एकसारखा येऊ लागला की टाकाही एकसारखा पडतो, हे कानांनाच आधी कळते. नक्षी प्रथम कागदावर पेन्सिल न उचलता पाच-दहा वेळा काढावी, म्हणजे वळण कोठे घ्यायचे ते हाताला ठाऊक होते.

घरच्या व्यापात वेळ कोठून आणायचा, असे आपण विचाराल. आमच्या मते आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे बरी. प्रत्येक पट्टीवर तारीख लिहून ती जपून ठेवावी. त्यानंतर बाळाचे दुपटे शिवावे, मग घरची गोधडी, आणि त्यानंतरच गिऱ्हाइकाचे लुगडे हाती घ्यावे.

आमच्या पट्ट्या आम्ही बाहेरच्या टेबलावर मांडल्या आहेत. जाता जाता त्या पाहाव्यात, आणि उलट्या करूनही पाहाव्यात.