सिस्टरच्या हातातला निर्णय

परभणी जिल्ह्यातल्या पालम किंवा सोनपेठकडच्या एखाद्या आडगावात रात्री गरोदर बाईचा रक्तदाब वाढून तिला झटके येऊ लागले, तर उपकेंद्रात कोण असतं? बहुतेक वेळा एकटी एएनएम, गावाची सिस्टर. परभणीचं मोठं रुग्णालय दूर, आणि रस्ता पावसाळ्यातला.

अशा वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट न पाहता ती मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊ शकते: 10 ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम. मग लगेच 108 ला फोन. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबावा म्हणून ऑक्सिटोसिनची 10 युनिट्सही. केंद्र सरकारच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रशिक्षित एएनएम आणि स्टाफ नर्सना ही मुभा दिली आहे. कितीतरी घरांना हे ठाऊकच नसतं. ‘डॉक्टर येऊ द्या’ म्हणत नातेवाईक तिचा हात धरतात. त्यात मोलाची मिनिटं जातात.

पुढे 2018 मध्ये सुईण-परिचारिकांसाठी 18 महिन्यांच्या विशेष प्रशिक्षणाची योजना आली. 2023 मध्ये 1947 च्या जुन्या परिचर्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदाही झाला.

पण कागदावरचा अधिकार वॉर्डात उतरायला औषधाची कुपी कपाटात हवी, प्रशिक्षणाची उजळणी हवी, आणि निर्णय घेतल्यावर सिस्टरच्या पाठीशी उभे राहणारे वरिष्ठ हवेत. माझ्या मते यातलं शेवटचं सगळ्यात निकडीचं आहे. तुमच्या उपकेंद्रात गेलात, तर सिस्टरला एवढं जरूर विचारा: ती कुपी आहे ना?