वर्षाने थोरलं वर्तमानपत्र
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



“कॅनडाबद्दल काहीतरी बोल,” असं मला सांगण्यात आलं. थंडीबद्दल बोलले तर तुम्ही दोन मिनिटांत चहाकडे वळाल. म्हणून मी राहते त्या विनिपेगच्या वर्तमानपत्रांबद्दल बोलते. शेवटी आपल्या शाळेतच येऊन थांबेन.

विनिपेग हे कॅनडाच्या मध्यावरचं, सपाट गवताळ मुलखातलं शहर. तिकडे त्या मुलखाला प्रेअरी म्हणतात. १८५९ साली तिथे नुसती वस्ती होती. बकिंगहॅम आणि कोल्डवेल या दोन पत्रकारांनी अमेरिकेतल्या सेंट पॉलहून छपाईचं यंत्र बैलगाडीवर लादून आणलं आणि ‘नॉर-वेस्टर’ हे पहिलं पत्र काढलं. १८७२ मध्ये ‘मॅनिटोबा फ्री प्रेस’ निघालं. विनिपेगला शहराचा दर्जा मिळाला १८७३ मध्ये. म्हणजे तिथे वर्तमानपत्रच शहरापेक्षा वर्षाने थोरलं! ‘विनिपेग फ्री प्रेस’ या नावाने ते आजही निघतं.

या पत्राकडे १८८२ मध्ये कोरा हाइंड नावाची तरुणी नोकरी मागायला गेली. बाई म्हणून तिला नकार मिळाला. ती टायपिंग शिकली, त्यावर पोट भरलं, शेतीचा अभ्यास करत राहिली. १९०१ मध्ये संपादक डॅफो यांनी तिला घेतलं तेव्हा ती चाळिशीला आली होती. ती शेताशेतांतून फिरून गव्हाच्या पिकाचा अंदाज छापायची आणि धान्याचे व्यापारी त्यावर विसंबायचे. १९४२ मध्ये ती गेली तेव्हा विनिपेगच्या धान्यबाजाराने दोन मिनिटं व्यवहार थांबवले. चाळिशीतल्या मैत्रिणींनो, अजून वेळ गेलेली नाही!

दुसरं पत्र ‘विनिपेग ट्रिब्यून’, १८९० चं. २७ ऑगस्ट १९८० रोजी ते एकाएकी बंद झालं. त्याच दिवशी ओटावातलं ‘जर्नल’ही बंद पडलं. एका पत्राचा मालक साउदम, दुसऱ्याचा थॉमसन. दोन्ही शहरांत एकमेकांना रान मोकळं झालं. एवढा गदारोळ झाला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. पण बंद पडलेलं पत्र काही परत आलं नाही. त्याच नोव्हेंबरात ‘विनिपेग सन’ हे नवं पत्र तेवढं निघालं.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ‘ट्रिब्यून’ची कात्रणं आणि फोटो मॅनिटोबा विद्यापीठाने जपून ठेवले. पत्र गेलं, पण शहराची आठवण राहिली. आजही कुणी आपल्या आजोबांचा फोटो शोधत तिथे जाऊ शकतो.

हे मला इतकं का लागलं? माझे बाबा आपल्या गावच्या साप्ताहिकात दर आठवड्याला बाजारभाव आणि पाऊसपाणी लिहायचे. जुन्या गुरुजनांना आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांचं लिखाण मुलीला दाखवावं म्हणून मी शोधायला निघाले, तर साप्ताहिक कधीच बंद पडलेलं आणि फाइली रद्दीत गेलेल्या. वीस वर्षांच्या लिखाणातलं एक कात्रण हाती लागलं, तेही आईने डब्याच्या तळाला घातलेलं. कोरा हाइंडचे गव्हाचे आकडे मला सांगता येतात. माझ्या बाबांनी लिहिलेला ज्वारीचा भाव नाही सांगता येत.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: एकच प्रत असेल तर ती नाहीच असं समजायचं.

काल बाईंनी ग्रंथालयातलं कपाट उघडून दाखवलं. आपल्या शाळेच्या हस्तलिखिताचे काही अंक अजून तिथे आहेत. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण अक्षर वाचता येतं. माझी पहिली कविताही आहे. ती वाळवीने खाल्ली असती तरी चाललं असतं.

माझी विनंती एवढीच. उद्या सकाळी दहा वाजता दोन तास या. आपण पानन् पान फोनवर टिपून घेऊ. नीट लावून तीन ठिकाणी ठेवण्याचं काम माझ्याकडे. आणि ज्यांच्या घरी त्या साप्ताहिकाचा एखादा अंक, अगदी फडताळात अंथरलेला का असेना, सापडेल, त्यांनी तो टाकू नये. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.