कुठले पाटील? : एजंटसाठी टूलची माहिती लिहिताना

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे, पण त्यात एका माणसाचा अपमान झालाय. म्हणून सांगतोच.

मी एका छोट्या टीममध्ये काम करतो. आमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर दुकानदार वापरतात. त्याला आम्ही एआय एजंट जोडला. म्हणजे मालकाने मोबाईलवर साध्या मराठीत विचारायचं आणि एजंटने खाती शोधून उत्तर द्यायचं. शोधण्यासाठी एक टूल दिलं. नाव काय ठेवलं? ‘सर्च’. माहिती काय लिहिली? ‘डेटा शोधते.’ बस्स. दोन शब्द. लिहिणारा मीच.

एके दिवशी एका मालकाने टाईप केलं, “पाटलांची उधारी बघ आणि आठवण पाठव.” त्यांच्याकडे पाटील नावाच्या दोन पार्ट्या. आमचं टूल पहिलं सापडलेलं नाव देऊन मोकळं व्हायचं. मेसेज गेला तो ज्यांनी पै न पै चुकती केली होती, त्या पाटलांना! ते दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. मालक मला फोनवर एवढंच म्हणाले, “अहो, माझे दिवाणजी असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, कुठले पाटील?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण दिवाणजींना जे माहीत असतं, ते आपण कुठेच लिहिलेलं नसतं. आणि एजंटला तेवढंच कळतं, जेवढं आपण लिहितो. तो आपला कोड वाचत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन, काय माहिती द्यायची त्याची यादी आणि नंतर आलेलं उत्तर. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची ओळख अशीच करून दिली जाते. शेजारच्या टेबलावर जाऊन विचारायची सोय त्याला नाही.

मग मी पुन्हा लिहायला बसलो. काय बदललं, ऐका.

पहिलं, नाव. ‘सर्च’चं झालं ‘पार्टीचं खातं शोधा’. खाली स्पष्ट लिहिलं की हे टूल फक्त वाचतं, कुठलीही नोंद करत नाही. बाकी किती ते सांगत नाही. त्यासाठी दुसरं टूल आहे, त्याचं नाव अमुक.

दुसरं, एकापेक्षा जास्त नावं सापडली तर? सगळी द्यायची, प्रत्येकासोबत गाव आणि जीएसटी नंबर. आणि ठळक सूचना: स्वतः निवडू नकोस, मालकाला विचार. जीएसटी नंबर कशासाठी? तो १५ अक्षरांचा असतो. पहिले २ अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची १० अक्षरं म्हणजे पॅन. नावं सारखी असतील, हा नंबर सारखा नसतो. पण छोट्या पार्टीकडे तो नसूही शकतो, म्हणून गाव हवंच.

तिसरं, काहीच सापडलं नाही तर? ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘बाकी शून्य’ नव्हे! स्पेलिंग वेगळं असेल, खातं इंग्रजीत असेल. आणि सर्व्हर बंद असेल तर ती तिसरीच गोष्ट. तिन्ही उत्तरं वेगळी ठेवली आणि प्रत्येकापुढे लिहिलं की आता काय करायचं.

चौथं, तारीख आणि रक्कम. ०३-०४-२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? आपल्याकडे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. तारीख उलटी वाचली की अख्खं वर्षच बदललं! म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असंच लिहायचं ठरवलं. बाकीच्या टूलमध्ये आकड्यापुढे उणे चिन्ह लावणं बंद केलं. सरळ शब्द: ‘येणं’ किंवा ‘देणं’.

आता एक कबुली. नुसतं चांगलं लिहून भागत नाही. पहिलं नाव उचलणारा कोडही आम्ही बदलला. आणि मालकाने ‘हो’ म्हटल्याशिवाय मेसेज जातच नाही, ही अडवणूक कोडमध्ये आहे, माहितीच्या भरवशावर नाही.

तुम्ही असं काही लिहीत असाल तर एक सोपी परीक्षा सांगतो. लिहिलेला कागद आज कामावर लागलेल्या मुलाला द्या. त्याला सॉफ्टवेअर दाखवू नका. विचारा, “पाटलांची उधारी शोधायची असेल तर काय करशील?” तो ज्या ठिकाणी अडेल, तिथे एजंट अडणार नाही, तो अंदाज लावून पुढे जाईल. धोका तिथेच आहे.

त्या पाटलांकडे मालक स्वतः जाऊन माफी मागून आले. ती माफी खरं तर माझ्या दोन शब्दांची होती.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर हिशेब चोख ठेवा!